पाहिले ते, शिवले ते

गडचांदूर हे चंद्रपूर जिल्ह्याच्या कोरपना तालुक्यातले सिमेंटचे गाव. माणिकगड सिमेंटचा कारखाना गावाला खेटून उभा. आवारपूर, उपरवाही, नारंडा इथले कारखानेही फार लांब नाहीत. चुनखडीच्या खाणींत सुरुंग उडतात, रस्त्याला ट्रकांची रीघ असते, कापसाच्या पानांवर बारीक धूळ बसते. माणिकगडाच्या डोंगराकडे चढू लागले की जिवती तालुका लागतो, कोलाम आणि गोंडांच्या गुड्यांचा. त्यामुळे इथल्या पहिलीच्या एखाद्या वर्गात मराठी, गोंडी, कोलामी, तेलुगू आणि उत्तरेतून आलेल्या कामगारांच्या घरची हिंदी अशा भाषा एकाच फळ्यासमोर मांडी घालून बसलेल्या असतात.

अशा वर्गात एखादे मूल असते, जे सुरुंगाचा आवाज झाला की कानांवर हात दाबून कोपऱ्यात शिरते आणि बराच वेळ बाहेर येत नाही. दुसरे एखादे त्याच आवाजाला मानही वळवत नाही. एखाद्याला खिचडीचा घास तोंडात धरवत नाही. एखादे चालताना चौकटीला, सोबत्याच्या खांद्याला, पाण्याच्या माठाला धडकत जाते. पेन्सिल इतकी दाबते की कागद फाटतो. आई सांगते, "लेकरू अंगाले हात लावू देत नाही, तेल लावाले गेलं का रडते." गुरुजी म्हणतात, पोर हट्टी आहे. शेजारीण म्हणते, आईनेच लाडावून ठेवले. देवऋषी आणखी काही सांगतो.

प्रत्येकाने आपापला निकाल दिलेला असतो. पण त्या मुलाला नेमके काय जाणवते, हे दुसऱ्या माणसाला कळू शकते का? कळत असेल तर कोणत्या आधाराने? भारतीय दर्शनांनी या प्रश्नावर शतकानुशतके वाद घातला. आज तोच प्रश्न मुलांच्या विकासाचे काम करणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टसमोर रोज येतो, आणि तिथे उत्तर चुकले तर त्याची किंमत एका मुलाला मोजावी लागते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात जीन आयर्स नावाच्या थेरपिस्ट होत्या, जन्म १९२०, मृत्यू १९८८. शिकताना अडखळणाऱ्या मुलांबरोबर काम करताना त्यांच्या लक्षात आले, की काही मुलांचे डोळे ठीक असतात, कान ठीक असतात, बुद्धीही कमी नसते, तरी त्यांना बटण लावता येत नाही, ओळीत लिहिता येत नाही, गर्दीत थांबता येत नाही. डोळे, कान, त्वचा, स्नायू-सांधे आणि अंगाचा तोल सांभाळणारा आतल्या कानातला अवयव, या सगळ्यांकडून आलेली खबर मेंदूत एकत्र जुळावी लागते. ती जुळणी नीट होत नसावी, असा त्यांचा तर्क. तिला त्यांनी सेन्सरी इंटिग्रेशन म्हटले. १९७२ मध्ये त्यांचे पहिले मोठे पुस्तक आले आणि १९८९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, सतरा चाचण्यांचा एक संच. चार वर्षांपासून नऊ वर्षे पूर्ण होईपर्यंतच्या मुलांसाठी तो होता आणि तो वापरण्यासाठी थेरपिस्टला वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागे.

त्या संचातली एक चाचणी जवळून पाहण्यासारखी आहे. मुलाच्या हातात पडद्याआड एक आकार दिला जातो. डोळ्यांना तो दिसत नाही, बोटांनीच चाचपायचा. समोर निरनिराळे आकार मांडलेले असतात. हातातला आकार यातला कोणता, ते मुलाने दाखवायचे. थेरपिस्ट उत्तर पाहतेच, त्यासोबत बरेच काही पाहते. मूल बोटे आकाराच्या कडेवरून फिरवते की नुसती मूठ आवळून धरते? वस्तू हातात सरकवून दुसऱ्या बाजूने पाहते का? पडद्यामागे डोकावायची धडपड करते का? हात मधेच झटकते का?

आता गोतमाच्या न्यायसूत्रांकडे वळावे. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी, इंद्रियांहून निराळा आत्मा आहे हे सिद्ध करताना, सूत्रकार पहिला पुरावा हाच देतो: जी वस्तू मी डोळ्यांनी पाहिली तीच मी हाताने शिवली, असे माणसाला कळते. डोळ्याला स्पर्श कळत नाही, त्वचेला रूप कळत नाही. मग पाहिलेले आणि शिवलेले एकच आहे, हे कोण ओळखतो? दोन्ही इंद्रियांच्या मागे बसलेला कोणीतरी एक जाणता असला पाहिजे. पुढे सूत्रकार आणखी एक साधा अनुभव सांगतो. आंबट फळ नुसते दिसले तरी तोंडाला पाणी सुटते. डोळ्याने पाहिले आणि जिभेत फरक पडला, म्हणजे दोघांचा मालक एक. बौद्धांनी हा मालक मान्य केला नाही. त्यांच्या मते क्षणाक्षणाच्या जाणिवांचा प्रवाह पुरेसा आहे, त्याच्यामागे कोणी बसवायची गरज नाही. पण जुळणी होते, यावर दोन्ही पक्षांचे एकमत होते. जुळणी कोण करतो एवढाच वाद होता.

जुळणीच झाली नाही तर काय, हा प्रश्न त्या वादात कोणाच्या मनात ठळकपणे आलेला दिसत नाही. ते स्वाभाविकही होते. वाद घालणारे सगळे असे होते, ज्यांचे हात आणि डोळे लहानपणीच एकमेकांच्या ओळखीचे होऊन गेले होते.

तो प्रश्न युरोपात सतराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम मॉलिन्यू या आयरिश विद्वानाने विचारला. त्याने जॉन लॉकला लिहिले: जन्मांध माणूस हाताने चाचपून गोल आणि घन ओळखायला शिकला आहे. त्याला एकदम दृष्टी आली तर न शिवता, नुसते पाहून, तो दोन्ही ओळखील का? लॉकचे उत्तर होते, नाही. पुढची तीनशे वर्षे हा कोड्याचा विषय राहिला, आणि त्याचे बरेचसे उत्तर भारतात मिळाले. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या गरीब मुलांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या 'प्रोजेक्ट प्रकाश' या उपक्रमात, पवन सिन्हा यांच्या चमूने आठ ते सतरा वर्षे वयाच्या पाच मुलांची परीक्षा घेतली. निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पट्टी निघाल्यावर लगेच मुलांना हाताने चाचपलेली वस्तू डोळ्यांनी ओळखता आली नाही. काही दिवसांत मात्र ती येऊ लागली.

म्हणजे पाहिलेले आणि शिवलेले एक असते ही ओळख आयती मिळत नाही. ती घडते, आणि लवकर घडू शकते. न्यायसूत्राचा युक्तिवाद यामुळे खोटा पडतो असे नाही. पण जाणत्याच्या एकपणाला सरावाची, शरीराची, बाळपणाची गरज असते, हे या मुलांनी दाखवून दिले. ज्या मुलात ही घडण अर्धी राहिली, त्याचा जाणता काही अर्धा झालेला नसतो. गडचांदूरच्या वर्गातल्या त्या मुलाकडे पाहताना सर्वांत आधी एवढे मनाशी पक्के करायला हवे.

न्यायपरंपरेत आणखी एक सुंदर वाद आहे. मन अणूएवढे असून एका वेळी एकाच इंद्रियाला जोडले जाते, असे नैयायिकांचे मत. विरोधक विचारतो, मग लांबट, कुरकुरीत तळलेली शष्कुली खाताना तिचे रूप, वास, चव, स्पर्श आणि कडकड आवाज हे सारे एकदमच कसे कळते? उत्तर असे, की ते एकदम नसतेच. मन इतक्या झपाट्याने फिरते की मधली फट आपल्याला जाणवत नाही. आज प्रयोगशाळेत ही फट मोजता येते. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले, की ऑटिझम असलेल्या मुलांना बोलणाऱ्या ओठांची हालचाल आणि ऐकू येणारा शब्द यांतले कालाचे अंतर ओळखणे इतर मुलांपेक्षा जड जाते. ओठ आणि शब्द नेमके एकत्र बसत नसतील, तर समोरचा माणूस बोलत असताना मूल नजर फिरवून कान झाकते, यात उद्धटपणा कुठे आला?

पण इथेच थांबून विचारायला हवे, की हे तरी कोणाला कसे कळले? मुलाने सांगितले नाही. त्याच्या वागण्यावरून अनुमान केले गेले. सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीने याच विषयावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले, सन्तानान्तरसिद्धि नावाचे. ते आज तिबेटी भाषांतरातून उपलब्ध आहे. दुसऱ्याचे मन प्रत्यक्ष दिसत नाही. आपल्या बोलण्या-हलण्याआधी आपल्यात इच्छा असते, म्हणून दुसऱ्याच्या बोलण्या-हलण्यामागेही तशीच इच्छा असावी, असे आपण अनुमानाने मानतो. थेरपिस्टचे सारे काम या अनुमानावर उभे आहे. धूर पाहून अग्नीचे अनुमान करावे, तसे हे. तिचा धूर म्हणजे मुलाचे वागणे, आणि अग्नी तिला कधीच दिसणार नाही.

अशा वेळी हेत्वाभास, म्हणजे वरवर कारण वाटणारे पण निष्कर्ष न पेलणारे लक्षण, हा नैयायिकांचा विषय एकदम जिवंत होतो. त्यातला सव्यभिचार हा प्रकार थेरपिस्टच्या प्रशिक्षणात सर्वांत जास्त उपयोगाचा. एक लक्षण अनेक कारणांच्या ठिकाणी आढळत असेल, तर त्यावरून एकच कारण काढू नये. मूल कान झाकते. त्याचा कान वाहत असेल. घरात भांडण होत असेल. काल खाणीचा धक्का बसून घराच्या भिंतीला तडा गेला असेल. आवाज त्याच्या मेंदूत खरोखर मोठा होऊन पोचत असेल. चौथे कारण मांडण्याआधी पहिली तीन तपासावी लागतात. मूल पायाच्या बोटांवर चालते, याची कारणे स्नायूंत असू शकतात. मूल पेन्सिल धरत नाही. पण अंगणवाडीत येईपर्यंत त्याच्या घरात पेन्सिलच नसेल तर?

इंग्रजीत तयार झालेल्या एका प्रसिद्ध प्रश्नावलीत पालकांना विचारलेले असते, की मूल गवतात किंवा वाळूत अनवाणी जायचे टाळते का. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४७-४८ अंशांवर जातो. त्या दिवसांत अनवाणी जायला नकार देणारे मूल शहाणे म्हणावे लागेल. पावसाळ्यात मात्र त्याच मुलाची सगळी भावंडे चिखलात खेळत असताना ते एकटे ओट्यावर उभे राहून पाय झटकत असेल, तर ती गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. कागदावरचा प्रश्न तोच राहतो. ऋतू बदलला की उत्तराचा अर्थ बदलतो.

आयर्स यांच्या संचाचे मापदंड अमेरिका आणि कॅनडातल्या मुलांवरून ठरवलेले होते. त्यातली एक चाचणी तोंडी सूचना ऐकून हालचाल करण्याची आहे. घरी कोलामी बोलणाऱ्या, शाळेत नुकतीच मराठी ऐकू लागलेल्या मुलाला ती मराठीत दिली आणि ते चुकले, तर चूक इंद्रियांच्या जुळणीत सापडली की भाषेत? ही अडचण त्या क्षेत्रातल्या लोकांनाही जाणवली. २०१८ मध्ये आयर्स यांच्या परंपरेतल्या अभ्यासकांनी चाचण्यांचा नवा संच जाहीरपणे मांडला. अनेक देशांतल्या मुलांवरून त्याचे मापदंड ठरवावेत आणि तो थेरपिस्टना परवडावा, असा त्यांचा हेतू आहे. पाऊल योग्य दिशेने आहे. तरीही कोणत्याही संचात जिवती तालुक्यातल्या कोलाम मुलाचे आयुष्य आपोआप येणार नाही. ते तिथे जाऊनच आणावे लागेल.

उपमान, म्हणजे सारखेपणावरून ओळख पटवणारे ज्ञानसाधन, त्याचे शास्त्रकारांनी दिलेले उदाहरण इथे आठवते. नगरात राहणाऱ्या माणसाने गवय पाहिलेला नसतो. रानातला माणूस त्याला सांगतो, की तो गाईसारखा दिसतो. पुढे नगरवासी रानात जातो, गाईसारखे जनावर समोर येते आणि तो ओळखतो, हाच गवय. ताडोब्याच्या रानात गवे आजही हिंडतात, त्यामुळे चंद्रपूरकरांना हे उदाहरण परके वाटू नये. दोन हजार वर्षे हे उदाहरण शिकवले गेले. त्यात माहिती रानाकडून नगराकडे जाते, ही गोष्ट मात्र फारशी लक्षात घेतली गेली नाही. ओळखीची खूण रानातला माणूस देतो, आणि तो भरवशाचा आहे म्हणून नगरवासी ती स्वीकारतो. आपल्या तपासणीच्या पद्धतीत याच्या नेमके उलटे घडते. खुणा नगरातून छापून येतात आणि रानातल्या आईला फक्त हो किंवा नाही म्हणायचे असते.

त्या आईला मोकळेपणाने विचारले तर ती काय काय सांगू शकते! झोळीत घातल्यावर लेकरू शांत व्हायचे की अधिक रडायचे. बंडीत बसवले की हसायचे की बापाला घट्ट चिकटायचे. जावळ काढताना इतर पोरांसारखे रडले, की वस्तरा लांब असतानाच अंग ताठ करून श्वास धरला. लग्नात हळद लावली तेव्हा काय केले. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन गर्दीत गेले, की दारातूनच परतले. मोहफुले वेचायला नेले तर त्या वासाने ओकारी आली का. आंबील पिते, पण भाकरीचा पापुद्रा तोंडात आला की थुंकते का. कापूस वेचताना बोंडाची टोकदार कडा बोटाला लागली, रक्त आले, तरी त्याला कळलेच नाही असे कधी झाले का. या एकेका उत्तरात स्पर्श, तोल, वास, वेदना यांची अशी माहिती आहे, जी तपासणीच्या खोलीत दोन तास बसून मिळणार नाही. न्यायशास्त्र आप्तवाक्याला, म्हणजे जाणत्या आणि खऱ्या माणसाच्या शब्दाला, स्वतंत्र प्रमाण मानते. लेकराच्या अंगाविषयी त्याच्या आईहून मोठा आप्त कोण?

या जिल्ह्याला दुसऱ्याचा स्पर्श तपासायची सवय नवी नाही. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या ओसाड माळावर आनंदवन उभे राहू लागले. कुष्ठरोगाचे जंतू नसांना इजा करतात. चट्ट्यावरची संवेदना जाते, चटका लागलेला कळत नाही, काटा रुतलेला कळत नाही, आणि न कळलेल्या जखमांनी बोटे झिजतात. वेदना नसणे हे सुख नाही, हे आनंदवनाच्या पहिल्या रहिवाशांइतके कोणाला ठाऊक होते! कुष्ठरोगाची तपासणी करणारा कार्यकर्ता काय करतो? माणसाला डोळे मिटायला लावतो, त्वचेवर कापसाने किंवा पेनच्या टोकाने हलकेच शिवतो आणि म्हणतो, कुठे लागले ते बोटाने दाखवा. आयर्स यांच्या संचातही जवळजवळ अशीच एक चाचणी आहे: डोळ्यांआड हातावर केलेला स्पर्श मुलाने बोट ठेवून दाखवायचा.

दोन्हींत फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. कुष्ठरोगात खबर निघतच नाही, नस गेलेली असते. इथे खबर पोचते, पण पोचल्यावर तिचे काय होते हा प्रश्न असतो. म्हणूनच दुसरी तपासणी अधिक अवघड, अधिक सावधपणाची. पण "लागते का?" असे विचारून उत्तराची वाट पाहण्याची जी सवय लागते, ती या भागातल्या आरोग्य कार्यकर्त्यांकडे पिढ्यांपासून आहे.

मूल्यमापनाच्या बाजूने बोलताना विरोधातला पुरावा दडवून चालणार नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये सांगितले, की इंद्रियप्रक्रियेतील बिघाड हे स्वतंत्र निदान म्हणून सरसकट वापरू नये. आधी ऑटिझम, अतिचंचलता, चिंता यांसारख्या गोष्टी तपासाव्यात. उपचाराचा पुरावाही दोन्ही बाजूंनी बोलतो. २०१४ मध्ये ऑटिझम असलेल्या ३२ मुलांवर झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आयर्स यांच्या पद्धतीने ३० सत्रे घेतलेल्या मुलांची, पालकांनी ठरवलेल्या उद्दिष्टांत, चांगली प्रगती दिसली. ब्रिटनमधला १३८ मुलांचा मोठा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नेहमीच्या सेवेपेक्षा या थेरपीचा ठळक फायदा आढळला नाही. झोपाळे, चेंडू आणि जाळ्या असलेली महागडी खोली म्हणजेच थेरपी, असे पालकांना सांगितले जाते तेव्हा हे दोन्ही अभ्यास त्यांना माहीत असले पाहिजेत. उलट, जाणिवेतला वेगळेपणा खरा आहे याविषयी शंका उरलेली नाही. २०१३ पासून ऑटिझमच्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी निकषांत संवेदनांना अति किंवा अगदी कमी प्रतिसाद हा मुद्दा सामील आहे. भारतात ऑटिझमच्या प्रमाणपत्रासाठी वापरल्या जाणाऱ्या चाळीस मुद्द्यांच्या भारतीय मापनश्रेणीतही इंद्रियजाणिवांचा एक वेगळा विभाग आहे.

म्हणून नीट पाहणे हे उपचाराच्या आधीचे आणि उपचाराहून मोठे काम आहे. मुलाला काय सोसत नाही हे कळले, तर त्याला पंख्याखालून हलवता येते, दाटीत मागे न बसवता कडेला बसवता येते, डोक्यावर अचानक हात न ठेवता समोरून सांगून ठेवता येतो. याला पैसा लागत नाही.

आता धर्माच्या बाजूने एक कठीण गोष्ट बोलायला हवी. अशा मुलाच्या घरात कर्माचा उल्लेख फार लवकर होतो. गेल्या जन्मीचे भोग, पूर्वजांचा दोष, आईने गरोदरपणात पाळले नाही ते काही. कर्माचा विचार माणसाला आपल्या दुःखाकडे धीराने पाहायला शिकवीत असेल तर त्याला कोणी नाव ठेवू नये. पण तोच विचार दुसऱ्याच्या दुःखावर शिक्का मारायला वापरला, तर तो अधर्म आहे. मुलाच्या अंगाची तक्रार ऐकून घेण्याऐवजी त्याच्या आईवर फिर्याद ठेवणारे कोणतेही शास्त्र इथे नापास होते, आणि यात आधुनिक शास्त्रही येते. विसाव्या शतकाच्या मध्यावर, ऑटिझम हा आईच्या थंडपणामुळे होतो, असे अमेरिकेतले नामांकित लोक लिहीत होते. ब्रूनो बेटलहाइम यांचे त्या विचाराचे पुस्तक १९६७ चे. हजारो आयांनी तो आरोप डोक्यावर घेऊन दिवस काढले. देवऋषी आणि प्राध्यापक यांची चूक एकच होती. दोघांनी मुलाकडे पाहण्याआधी कारण ठरवून टाकले होते.

आपल्या उपासनेचा सारा व्यवहार इंद्रियांतून चालतो. घंटा, धूप, कापूर, गुलाल, गंधाचे थंड बोट, प्रसादाची चव, गर्दीतले खांद्याला लागलेले खांदे. चैत्रात चंद्रपूरला महाकालीची यात्रा भरते, मराठवाड्यातून आणि तेलंगणातून माणसे येतात, हलगी वाजते, कोणाच्या अंगात येते. त्या गर्दीत मागेपुढे डोलणाऱ्या बाईच्या लोक पाया पडतात. तिच्याच पायाशी बसून, आवाज असह्य होऊन, मागेपुढे डोलणाऱ्या मुलाला चापट बसते. दोघांच्या डोलण्याचे कारण वेगळे असेल. पण शरीर स्वतःला सावरण्यासाठी लय शोधते, एवढे तरी त्या मुलाच्या बाबतीत मान्य करायला हरकत नसावी.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात मराठी शब्दांच्या रसाळपणाचे वर्णन करताना ज्ञानदेव इंद्रियांची लगबग उभी करतात. ऐकणे कानाचे, पण जीभ, डोळे, नाक, हात सगळेच त्या शब्दावर हक्क सांगायला धावतात, आणि तो एकच शब्द सगळ्यांना सारखाच निववतो. सातशे वर्षांहून अधिक काळ ही कल्पना काव्याचे शिखर म्हणून वाचली गेली. काही मुले या लगबगीतच रोज जगतात. आवाज त्यांना अंगावर टोचतो, रंग डोक्यात वाजतो, आणि निववणारे तिथे कोणी नसते. कवीने आनंदाच्या बाजूने जे पाहिले, ते त्रासाच्या बाजूनेही असू शकते, हे मानायला भाविक मनाला अवघड जाऊ नये.

प्रशिक्षणाचा प्रश्न इथे येतो. भारतात ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी सुरू केले. जन्माने अमेरिकन असलेल्या या बाईंनी महाराष्ट्राला एक नवी विद्या दिली. आज नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही ती शिकवली जाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा जातात, विकासातल्या विलंबाची तपासणी करतात आणि पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या केंद्राकडे मूल पाठवतात. रचना आहे. पण पथकाला एका दिवसात शाळाभर मुले पाहायची असतात. उंची, वजन, दात, डोळे, हृदय यांत कान झाकणारे मूल सहज निसटते. ते आजारी दिसत नाही.

हे काम गावातल्या माणसांकडून होणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी शेजारच्या गडचिरोलीकडे पाहावे. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला, न्यूमोनिया आणि जंतुसंसर्ग ओळखायला शिकवले. मोजता न येणाऱ्या सुईणींना बाळाचा श्वास मोजता यावा म्हणून मण्यांचे साधन तयार केले. या कामाचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले, नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे त्यात दिसले, आणि पुढे देशाच्या धोरणात त्याचा समावेश झाला. तिथे यश आले याचे कारण, कोणते लक्षण पाहायचे, किती वेळ पाहायचे आणि कधी स्वतः निर्णय न घेता पुढे पाठवायचे, हे नेमके ठरवून दिलेले होते.

इंद्रियांच्या जुळणीचे मूल्यमापन श्वास मोजण्याइतके सोपे नाही, आणि अंगणवाडी सेविकेने थेरपिस्ट व्हावे अशी अपेक्षाही कोणी करू नये. चाचणी घेणे, गुण देणे, निष्कर्ष काढणे हे शिकलेल्या माणसाचेच काम राहील. आयर्स यांच्या संचात मुलाला फिरत्या पाटावर बसवून वीस सेकंदांत दहा फेरे द्यायचे आणि थांबल्यावर डोळे किती वेळ थरथरतात ते मोजायचे, अशी एक चाचणी आहे. झटके येणाऱ्या मुलाला ती देणे धोक्याचे ठरू शकते, हे ज्याला माहीत नाही त्याने पाटाला हात लावू नये. पण कोणते मूल थेरपिस्टपर्यंत पोचावे, हे ओळखणारी नजर गावातच तयार झाली पाहिजे. आणि थेरपिस्टची नजर गावात येऊन तयार झाली पाहिजे.

म्हणून मागणी साधी आहे. नागपूरच्या ऑक्युपेशनल थेरपीच्या विद्यार्थ्यांच्या इंटर्नशिपमधला काही काळ गडचांदूर, कोरपना, जिवती इथे जावा. त्यातले पहिले दिवस त्यांनी चाचण्यांची पेटी न उघडता अंगणवाडी सेविका आणि आशाताईंबरोबर घरोघर बसावे, गोंडी-कोलामी जाणणारी स्थानिक व्यक्ती सोबत असावी. विद्यापीठाने आणि थेरपिस्टांच्या संघटनेने इथल्या मुलांच्या जगण्यातून, झोळी, बंडी, जावळ, चिखल, आंबील यांतून, प्रश्नांची एक यादी तयार करून ती तपासून घ्यावी. आणि मूल्यमापनाच्या कागदावर आईचे सांगणे तिच्याच बोलीत, तिच्याच शब्दांत लिहिण्याची जागा पहिल्या पानावर असावी, गुणांच्या तक्त्याच्या आधी.